चांगलं वाटून लाव

पितरपाट अर्धा सरला की आमच्या अंगणात पिवळं दिसायला लागतं. आधी एखाददुसरी कळी, मग घोस, आणि सर्वपित्री अमावस्या जवळ आली की सकाळी दार उघडल्यावर वाटतं, कुणाच्या तरी हातून हळदीचं पोतं फुटलं. खिरीची वाट बघत कठड्यावर बसणारे कावळेसुद्धा एक डोळा तिकडं ठेवून असतात.

हे तरवड आहे. माळावरचं. कुणी न लावलेलं, कुणी पाणी न घातलेलं, शेळीसुद्धा वास घेऊन पुढं जाते ते. माळावर ते छातीएवढं वाढतं. माझ्या अंगणात मात्र गुडघ्याएवढंच, पण इतकं दाट की खालची जमीन शोधावी लागते. गेटापासून पायरीपर्यंत अंथरूण घातल्यासारखं.

परवा एक बाई गेटाशी थांबल्या. चांगल्या शिकलेल्या होत्या, हातात पर्स, डोळ्याला चष्मा. म्हणाल्या, "मावशी, किती सुंदर! हे कसं लावलं हो तुम्ही?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. असं की खाली बसावं लागलं. त्या बाई घाबरल्या. मी हातानं 'थांबा, थांबा' केलं, पण हसू काही थांबेना. त्यांनी विचारलं होतं साधंच. पण हा 'लावणं' शब्द लई डांबरट आहे. चार वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळ्यात त्यानं माझी जी गत केली, ती गेटावर उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. म्हणून इथं बसून सांगते.

माझं सासर युसूफ वडगावचं, माहेर नेकनूरच्या पलीकडच्या माळावरचं. मालक गेले आणि दत्तानं, माझ्या मुलानं, मला बीडला आणलं. दत्ता शाळेत मास्तर आहे. गावाच्या कडेला प्लॉट घेऊन त्यानं घर बांधलं. घरात सगळं होतं. नळ होता, गॅस होता, पुढच्या खोलीत टीव्ही, मागच्या खोलीत दुसरा टीव्ही. नव्हतं ते काम. माझी सून वैशाली कामाला इतकी चपळ की मी भांडं उचलायला उठेपर्यंत ते घासून पालथं पडलेलं असायचं. "बसा हो आत्याबाई," म्हणायची. किती बसावं माणसानं? बसून बसून माझ्या गुडघ्यांना वाटायला लागलं की ते आता रिटायर झाले.

घरापुढं अंगण होतं, मुरमाचं. दत्तानं पहिल्या वर्षी तिथं विकतचं गवत आणून अंथरलं. सतरंजीसारखी गुंडाळी करून येतं, ते. दोन महिने आम्ही त्याच्यावरून चोरासारखे टाचा उचलून चाललो. उन्हाळा आला, नळाला आठ दिवसांनी पाणी यायला लागलं, तेव्हा माणसांनी प्यावं का गवतानं, असा सवाल निघाला. चैत्रात त्याचा रंग शेणाच्या गोवरीसारखा झाला. मग दत्ता म्हणाला, "आता फरशी. रंगीत विटा येतात ना, एकमेकींत अडकणाऱ्या, त्याच टाकून घेऊ. झाडायला सोपं, स्कुटी लावायला सोपं."

मी म्हणाले, "अंगण मला दे."

त्या घरात माझं म्हणावं असं एका कपाटातला एक खण होता. गावाकडं माझ्या हाताखालून एवढी जमीन गेली, पेरली, खुरपली, काढली. इथं पायाखालची शेवटची माती फरशीखाली गेली असती, तर मी त्या घरात कायमची पाहुणी झाले असते. पाहुणीला मान असतो, बसायला खुर्ची असते, चहा असतो. पण पाहुणीनं कुठं खड्डा केलेला मी तरी पाहिला नाही. हे मी दत्ताला सांगितलं नाही. मुलाला असलं सांगितलं की तो लगेच रक्तदाब मोजायचं यंत्र काढतो.

"काय लावनार हायस?" दत्तानं विचारलं.

"तरवड."

"तरवड? अगं माय, लोक गुलाब लावतात, मोगरा लावतात. तरवड काय लावायची गोष्ट हाय का? ते आपोआप येतं."

"माळावर येतं आपोआप. तुझ्या प्लॉटात आलं का?"

मास्तर माणूस, घरातसुद्धा परीक्षेचं वेळापत्रक काढतो. म्हणाला, "बरं. दसऱ्यापर्यंत मुदत. दसऱ्याला या अंगणात तरवड दिसलं तर अंगण तुझं. न्हाई दिसलं तर त्याच मुहूर्तावर फरशी. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. तरवडाला काय लागतं? बी, पाऊस, आणि कुणी आडवं न येणं.

तरवडच का, तर त्याचं मूळ माहेरात आहे. आमच्या माळावर देवीचा एक ओटा होता. नवरात्रात घटाला माळ लागते ती तरवडाची आणि कारळ्याच्या फुलांची. आम्ही पोरी परड्या घेऊन निघायचो. दव असायचं, पाय भिजायचे, कुणाची तरी परडी दुसरीच रिकामी करायची आणि भांडण देवीच्या पुढ्यात मिटायचं. दूरची झाडं उंच वाढलेली, पण ओट्याच्या भोवतीची दरसाल तोडून तोडून बुटकी झाली होती. वर जायची सोय नाही म्हटल्यावर ती आडवी पसरली होती. लांबून बघावं तर देवीनं हिरवी घोंगडी अंथरून वर फुलं वाळत घातलीत. ती घोंगडी माझ्या डोळ्यांत बसली होती. उन्हात गुरांमागं फिरताना आई त्याचाच पाला डोक्यावर ठेवून वरून पदर घ्यायची. डोकं गार राहतं म्हणायची. तिचं डोकं गार कधी दिसलं नाही मला, पण तो तरवडाचा दोष नव्हता. आम्ही नऊ भावंडं होतो.

त्या नऊंतला सगळ्यांत धाकटा भानुदास अजून माहेरी शेती करतो. मी त्याला फोन लावला.

आता इथं थोडं सांगावं लागेल. तरवडाला आमच्याकडं बोलताना 'तरोड' म्हणतात. आणि 'तरोटा' ही निराळी वनस्पती. तो पावसाळ्यात बांधावर, उकिरड्यावर, जिथं नको तिथं उगवतो. कोवळा असला तर भाजी होते, जून झाला तर जवळ उभं राहवत नाही. आणि त्याचं बी नायट्यावर औषध म्हणून गावाकडं वापरतात, वाटून लेप लावतात. तरोड आणि तरोटा, अर्ध्या अक्षराचा फरक. भानुदास वावरात, वारं सुटलेलं, आणि त्याच्या फोनला रेंज इतकीच की माणूस जिवंत आहे एवढं कळावं.

"भानुदास, तरोडाचं बी पाठव रे जरा."

"कशाचं?"

"तरोडाचं! तरोडाचं!"

"तरोट्याचं?"

मला वाऱ्यात धड ऐकू आलं नाही. मी "हां, हां" म्हणून मोकळी झाले.

मग त्याचा आवाज एकदम हळू झाला. "लई हाय का गं, आक्का?"

मला वाटलं, अंगण किती मोठं आहे विचारतोय. "हाय की बऱ्यापैकी."

"दत्ताला म्हाईत हाय?"

"त्याला कसं म्हाईत नसंल? त्यानंच तर मुदत दिलीय. दसऱ्यापर्यंत."

"मुदत?" भानुदासचा आवाज चिरकला. "दत्तानं मुदत दिली?"

"हां. बघू म्हणला, तवर काय होतंय ते."

"आक्का, तू घाबरू नको. म्या उद्याच्या उद्या पाठवतो. रातभर ताकात भिजव आन चांगलं वाटून लाव. आन लई खाजवू नको."

शेवटचं मला 'लई खांदू नको' असं ऐकू आलं. बरोबरच सांगतोय म्हटलं. मुरूम आहे, खोल खणून बी गाडलं तर वर कसं यायचं? आणि चांगलं वाटून लाव म्हणजे काय, एका जागी ढीग नको, सगळीकडं सारखं वाटून लावायचं. शेतकरी माणूस, किती बारकाईनं सांगतो, असा मला भावाचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी नेकनूरच्या गाडीत एका ओळखीच्या माणसाजवळ पिशवी आली. दोन शेर तरी बी असेल. माझ्या नायट्याचा आवाका भानुदासनं फार मोठा धरला होता.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याची बाई, बी ओळखता आलं नाही? तर त्याच महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी काळा चष्मा लावून फिरत होते. त्यातून दिवसासुद्धा ग्रहण लागल्यासारखं दिसायचं. आणि दुसरं, खरं सांगू? तरवडाचं बी मी उभ्या जन्मात नीट पाहिलं नव्हतं. आम्ही फुलं तोडणारी माणसं. शेंग धरेपर्यंत थांबतंय कोण?

मी बी ताकात घातलं.

"आत्याबाई, ताक कावून?" वैशालीनं विचारलं.

"माझ्या भावानं सांगितलंय."

"कढी करायची व्हती मला."

"उद्या कर."

आषाढातली ती सकाळ मला अजून दिसते. काळा चष्मा, पदर खोचलेला, हातात ताकातलं बी, आणि मी अंगणात रांगतेय. एक वीत सोडून एक दाणा. बोटानं भोक केलं, दाणा टाकला, माती सारली. गुडघे कुरकुरत होते, पण त्यांना इतके दिवसांनी काम लागलं होतं, त्यामुळं आतून खूशही असावेत. शेजारच्या भिंतीवरून एक तोंड वर आलं. ती शकिला. तिचा नवरा हातगाड्यावर फळं विकतो, आणि सीताफळाच्या दिवसांत तर त्यांच्या घरात माणसांपेक्षा टोपल्या जास्त असतात.

"काकू, काय हरवलंय का? मी येऊ का हुडकायला?"

"हरवलं न्हाई गं. लावतेय."

"काय?"

"तरवड."

तिनं वाकून मुरूम बघितला, मग माझा चष्मा. "काकू, चष्मा काढा आन मंग बोला," म्हणाली आणि भिंतीखाली गेली.

पण उगवलं! असं उगवलं की श्रावण लागायच्या आत अंगण हिरवं. गोल गोल पानं, जोडीजोडीनं. संध्याकाळ झाली की पानं मिटून घ्यायची, सकाळी उघडायची. मी खुर्ची टाकून बघत बसायचे. दत्ता शाळेतून आला की गेटात थांबायचा. पहिला पेपर सोपा गेलेल्या पोराकडं मास्तर बघतो ना, तसं बघायचा.

तेवढ्यात भानुदासचा फोन.

"आक्का, लावलं का?"

"लावलं की."

"मंग? फरक पडला?"

"फरक म्हंजे! लई दाट आलंय."

"दाट आलं?" तो घाबरलाच. "अगं, कमी व्हायला पायजे ना?"

"कमी कावून हुईल? पुढून मागपर्यंत पसरलंय. कुठं जागा म्हणून शिल्लक न्हाई."

"अरे देवा. दुखतं का?"

"मला काय दुखायचंय? मी तर सकाळ-संध्याकाळ बघत बसते. आजूबाजूच्या बाया पन येतात बघायला."

"आक्का! बायांना दावतीस?"

"त्याच्यात काय लपवायचंय? शकिला तर म्हणली, काकू, मला पन थोडं द्या."

मग भानुदास अगदी दमून म्हणाला, "आक्का, तू घरातून भाईर पडू नको. सोयाबीन काढलं की म्या येतो."

मला वाटलं, भावाला बहिणीच्या अंगणाची किती ओढ!

आता हे अंगण बघते तेव्हा मला त्या पहिल्या हिरवळीची दया येते. बिचारी खोट्या नावानं आली होती, पण आली होती मनापासून. माणसांतही असं होतंच. एकाला बोलवायचं असतं, दुसराच येतो, आणि तोच पंगतीत वाढायला लागतो.

काळा चष्मा उतरला त्याच दिवशी शकिलानं भिंतीवरून हाक मारली. "काकू, थोडी पानं तोडू का?"

"कशाला गं? माळेला तर फुलं लागतात."

"माळेला न्हाई, भाजीला. आमची अम्मा तरोट्याची भाजी लई मस्त करायची. लसूण घालून."

"तरोटा कुठंय?"

शकिला माझ्याकडं बघायला लागली. मी अंगणाकडं बघायला लागले. धड डोळ्यांनी, पहिल्यांदा. एका काडीला तीनच जोड्या पानं. तरवडाला त्या दहा-बारा असतात. मी एक पान चुरगळून वास घेतला. तो वास ओळखायला कुठलंही ऑपरेशन लागत नाही.

"या अल्ला," शकिला म्हणाली, "तुमाला म्हाईतच न्हाई?" आणि ती भिंतीला धरून जी हसायला लागली, की तिचा नवरा टोपली टाकून बाहेर आला.

मी मात्र खाली बसले. दसरा दीड-दोन महिन्यांवर. पाऊस अर्धा झालेला. डोळ्यांपुढं रंगीत विटा नाचायला लागल्या, एकमेकींत अडकणाऱ्या. शकिला भिंत सोडून गेटातून आत आली, माझ्याशेजारी मुरमावर बसली आणि हळूच म्हणाली, "भाईला काय समजतंय काकू? हिरवं ते हिरवं."

दत्ताला खरंच काही समजत नव्हतं. मराठी आणि इतिहास शिकवतो, झाडं त्याला फक्त सावलीपुरती माहीत. मग आम्ही दोघींनी गुपचूप धोरण ठरवलं. रोज सकाळी शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की रोप बुटकं राहतं, फुटवे धरतं, अंगण सारखं दिसतं. आणि शेंड्यांची भाजी. दोन घरांत मिळून आम्ही श्रावणभर अंगण कापत होतो आणि खात होतो.

"माय, ही कसली भाजी?" दत्ता विचारायचा.

"रानातली. खा. पोटाला चांगली."

"कालपन हीच व्हती."

"काल कोवळी व्हती."

वैशाली काही बोलायची नाही. ती फक्त ताटात बघायची, मग खिडकीतून अंगणात बघायची, मग माझ्याकडं बघायची. सुनांना सगळं कळतं. कधी बोलायचं, एवढाच प्रश्न असतो.

भादव्यात तरोट्यानं आमचं ऐकणं सोडलं. कमरेएवढा झाला, विळ्यासारख्या शेंगा लोंबायला लागल्या आणि वासानं गेटापाशी येणारा दूधवाला कोपऱ्यावरूनच ओरडायला लागला. शेंगांच्या वर अजून बारकी पिवळी फुलं होती, ती बघून दत्ता खूश. "माय, फुललं की गं तुझं तरवड! मानलं." परीक्षेत कॉपी करून पास होणाऱ्याला मास्तरनंच शाबासकी द्यावी, तसं झालं. मुलाशी खोटं बोलायला वाईट वाटत होतं, पण खरं सांगितलं तर फरशी. माझी जीभ दोन्हीकडून भाजत होती.

तो पेच देवानं सोडवला, म्हणजे भानुदासनं. सर्वपित्रीच्या दिवशी तो आला. दरसालच्या रिवाजाप्रमाणं घटासाठी वावरातली काळी माती आणि माळावरच्या तरवडाच्या भारंभर फांद्या घेऊन, फुलांनी लगडलेल्या. ओझं पायरीवर टाकलं, पाणीसुद्धा प्यायला नाही. माझे दोन्ही हात धरून उलटेपालटे बघायला लागला. मग मान. मग म्हणाला, "वैशाली, तू जरा आत जा बाई. आक्का, पाठ दाव."

"पाठ कावून?"

"किती पसरलंय बघू दे."

"काय पसरलंय?"

"नायटा!"

दत्ता वर्तमानपत्र घेऊन उभाच राहिला. "कुणाला नायटा?"

"तुज्या मायला! तूच मुदत दिली ना दसऱ्यापर्यंत? शिकलेला माणूस तू, मायला मुदत देतो का बे?"

मग एकेक गाठ सुटायला लागली. तरोड, तरोटा, ताक, वाटून, लाव. भानुदासनं 'कुटून वाटून' म्हणून हातानं पाटा-वरवंट्याची खूण केली. मी 'सगळीकडं वाटून' म्हणून पेरल्याची खूण केली. वैशाली आतून आली ती पदर तोंडात कोंबून. आणि बोलता बोलता भानुदास म्हणाला की माझी तब्येत गावात सगळ्यांना माहीत आहे आणि भावजयीनं देवीला नवससुद्धा बोललाय. म्हणजे मी नेकनूरच्या पलीकडच्या समस्त माळावर नायटेवाली आक्का म्हणून प्रसिद्ध झाले होते.

दत्ता इतका हसला की त्याला ठसका लागला. हसून झाल्यावर डोळे पुसत तो अंगणाकडं गेला आणि एक शेंग तोडून बघितली. "म्हंजे हे तरवड न्हाईच."

"न्हाई," मी म्हणाले.

"म्हंजे महिनाभर मी अंगण खाल्लं."

"चांगलं लागत व्हतं की तुला."

"माय, ठरलंय ते ठरलंय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "दसऱ्याला फरशी. जब्बारमिस्त्रीला सांगतो मी."

दुपारी मी भानुदासनं आणलेल्या फांद्यांची फुलं वेगळी करत बसले. तोडता तोडता हाताला काही कडक लागलं. शेंगा! चपट्या, तपकिरी, वाळलेल्या. तरवडाला एकाच फांदीवर फूलही असतं आणि शेंगही. साठ वर्षं फुलं तोडली आणि ते कधी बघितलं नव्हतं. मी शेंगा फोडल्या. बी सहाणेवर जरासं घासलं आणि कोमट पाण्यात ठेवून दिलं. ताक नाही.

सकाळी घट बसला. काळी माती पसरली, वैशालीनं गहू-ज्वारीचं धान पेरलं. आणि तिची पाठ वळल्यावर मी त्याच मातीत माझे दाणे सारले. देवीला सांगितलं, बाई, तुझीच घोंगडी आहे, तूच बघ. नऊ दिवस घटाला पाणी, शेजारी नंदादीप, वर तरवडाची माळ. मी रोज वाकून बघायचे. दत्ताला वाटायचं, आईची भक्ती वाढली.

धान तिसऱ्या दिवशी उगवलं, पाचव्या दिवशी वीतभर झालं. माझं काही नाही. सातव्या माळेला काही नाही. आठव्या माळेला मी देवीशी अबोला धरला. नवव्या दिवशी सकाळी वैशाली पाणी घालायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"आत्याबाई. धानात हे काय उगवलंय?"

पिवळ्या पात्यांच्या मध्ये गोल, जाड, दुहेरी पानं. मोजली तर तेरा.

वैशालीनं ती बघितली. मग खिडकीतून अंगण बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. म्हटलं, आली वेळ बोलायची. तिला स्कुटीला जागा हवी होती, हे मला ठाऊक होतं.

"त्या समोरच्यांनी फरशी केली ना," ती म्हणाली, "उन्हाळ्यात त्यांच्या पायरीवर पाय ठेववत न्हाई. घरात भट्टी पेटल्यावानी झळ येती." ती घटात पाणी घालायला लागली. "आन घटाची माती पायाखाली येऊ द्यायची नसती. हो ना?"

"न्हाईच येऊ द्यायची."

"त्याच्यावर फरशी?"

"शिव शिव!"

"मंग कोपऱ्यात कुठं एका जागी नका टाकू, आत्याबाई," वैशाली म्हणाली आणि तिच्या तोंडाच्या कडा हलायला लागल्या. "चांगलं वाटून लावा."

दसऱ्याच्या सकाळी घट हलला. दत्ता टोपीत धान खोवून पूजेला बसला होता, तेवढ्या वेळात आम्ही दोघी अंगणात. शकिला भिंत ओलांडून आलेली. तिनं तरोटा उपटला, फक्त भिंतीच्या कडेची एक ओळ "भाजीला" म्हणून ठेवली. मी खड्डे केले. वैशालीनं घटाची माती चिमूट चिमूट करून गेटापासून पायरीपर्यंत तेरा ठिकाणी वाटली, एकेका रोपासकट. एक हात जागा अशी ठेवली नाही की जिथं देवीची माती नाही.

जब्बारमिस्त्री दोरी आणि फावडं घेऊन आला. तो शकिलाचाच भाऊ. दत्ता पूजेवरून उठून बाहेर आला.

"करा सुरू," दत्ता म्हणाला.

जब्बारमिस्त्रीनं एक पाय आत टाकला आणि वैशाली पायरीवरून म्हणाली, "बघून हां मिस्त्रीभाई. घटाची माती हाय."

त्यानं पाय उचलला तो उचललाच. "कुठं?"

"समदीकडं."

मिस्त्रीनं खाली बघितलं, भिंतीपाशी उभ्या बहिणीकडं बघितलं, मग दोरी गुंडाळायला लागला. "सर, तुमच्या देवीची माती. आपुन हात न्हाई लावनार बा. तुमी फावडं मारा, म्या बाजूला हुबा राहतो."

दत्तानं फावड्याकडं बघितलं. डोक्यावर टोपीत धान, हातात आपट्याचं पान. मग तो उकिडवा बसला आणि एका रोपाच्या अंगावर बोट फिरवून म्हणाला, "हे तरी तरवडच हाय ना?"

"मामाला फोन लाव आन विचार," मी म्हणाले.

"नको!" तो म्हणाला. आणि मला सोनं दिलं. खाली वाकून, पायावर. पाहुणीच्या पायावर कुणी इतका वेळ डोकं ठेवत नाही.

तेरातली नऊ जगली. पुढच्या पावसाळ्यात मी आणखी बी टोकलं, सहाणेवर घासून, वीतभर अंतरावर. पहिला उन्हाळा भांडी धुतलेलं पाणी दिलं, त्यानंतर एक तांब्याही नाही. दिवाळी झाली की मी कात्रीनं सगळं वीतभर ठेवून छाटते, म्हणजे ते आडवं पसरतं. एवढंच करायचं असतं. बाकी वर्षभर त्याच्याकडं बघायचं. पिवळी फुलपाखरं येतात, मधमाश्या येतात, आणि नवरात्रात अख्ख्या गल्लीच्या बाया परड्या घेऊन येतात आणि भांडतात. दत्ता पाहुण्यांना सांगतो, "मी मुद्दामच आपल्याकडचं झुडूप निवडलं. पाणी लागत न्हाई, निगा लागत न्हाई." वैशाली पाहुण्यांना चहा देते आणि माझ्याकडं बघत नाही, कारण बघितलं की चहा सांडतो.

काल भानुदासचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"आक्का, एक काम व्हतं. तरोट्याचं बी हाय का गं तुझ्याकडं?"

"कावून रे?"

"कावून म्हंजे... जरा... पाठीला."

"आन तुमच्या बांधावर?"

"कुठलं काय! समदीकडं फवारे मारतेत. औषधाला पन तरोटा राहिला न्हाई."

मी भिंतीकडं गेले. शकिलाची ती एक ओळ अजून आहे, शेंगांनी लोंबलेली. पुडी बांधली आणि आज नेकनूरच्या गाडीत दिली. मग त्याला फोन केला. म्हटलं, "भानुदास, नीट ऐक. रातभर ताकात भिजव आन चांगलं वाटून लाव."

पलीकडं वारं सुटलेलं होतं. त्यातून त्याचा आवाज आला.

"आक्का, कुठं लावू? पाठीला का बांधाला?"

"दोन्हीकडं लाव," मी म्हणाले. "आन लई खांदू नको."